माथेरानच्या वाटेवर: पायी चालणारे, घोडेस्वार आणि घोडा

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

उन्हाळी सुट्टी जवळ आली की या सदराकडे डोंगरवाटांविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक माथेरानविषयी आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकात घोड्याचा विषय आहे. यात नवल नाही. दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटार जात नाही, २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीच्या या पठारावर तांबड्या मातीच्या त्याच अरुंद वाटांनी पायी चालणारे, घोड्यावर बसलेले, सामान वाहणारे आणि आता मुख्य रस्त्यापुरती ई-रिक्षासुद्धा, अशी सगळ्यांची ये-जा चालते. चार पत्रे सविस्तर उत्तरासाठी निवडली असून उरलेल्या लहान शंका शेवटी एकत्र घेतल्या आहेत.

प्रश्न: गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही कुटुंबातील सात जण बाजारपेठेतून शार्लोट तलावाकडे पायी निघालो होतो. मागून तीन घोडे येत असल्याचे आम्हाला उशिरा कळले. आम्ही घाईघाईने वाटेच्या दोन्ही बाजूंना विभागलो आणि त्याच वेळी माझ्या नातीने उन्हासाठी छत्री उघडली. पहिला घोडा एकदम बिचकून आडवा झाला आणि त्यावरील तरुणी पडता पडता वाचली. घोडेवाले दादा आमच्यावर रागावले. चूक आमची होती का? अशा वेळी वाट कोणी सोडायची? — एक आजोबा, ठाणे

उत्तर: वाट पायी चालणाऱ्याने सोडावी, हा जगभरातल्या डोंगरवाटांवर पाळला जाणारा संकेत आहे आणि त्यामागे मानापमानाचा काही संबंध नाही. आपण क्षणात थांबू शकतो, बाजूला होऊ शकतो आणि समोर काय आहे हे समजून घेऊ शकतो; पाठीवर अनोळखी स्वार घेऊन चढ चढणाऱ्या घोड्याला यातले काहीच सहज जमत नाही. मात्र आपली चूक झाली ती वाट सोडण्यात नव्हे, तर ज्या रीतीने सोडली त्यात, आणि ही रीत आपल्याला कोणी शिकवलेलीही नसते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते, परंतु शेपटीच्या थेट मागचा भाग आणि कपाळाच्या अगदी पुढचा थोडासा भाग त्याला दिसत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याच्या वंशातला असल्यामुळे जे अचानक आकार बदलते, फडफडते किंवा करकरते, त्यापासून आधी पळायचे आणि मग विचार करायचा, हा त्याचा उपजत स्वभाव आहे. उघडणारी छत्री, वाऱ्याने फुगलेला रेनकोट, खडखडणारी प्लॅस्टिकची पिशवी यांकडे तो आपल्या नजरेने पाहत नाही. आपण दोन्ही बाजूंना विभागलात तेव्हा त्याच्या दृष्टीने दोन अनोळखी कळपांच्या मधून जाण्याची वेळ आली, आणि त्यातला एक आकार अकस्मात मोठा झाला. तो बिचकला नसता तरच आश्चर्य वाटले असते.

म्हणून सर्वांनी एकाच बाजूला, एकत्र उभे राहावे. घोडा मागून येत असेल तर शांत, नेहमीच्या आवाजात काही तरी बोलत राहावे. माणसाचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो, आणि पाठीवर मोठी सॅक घेतलेला, न बोलणारा माणूस त्याला माणूस वाटेलच असे नाही. मुलांना आपल्या मागे उभे करावे, घोडे जात असताना छत्री उघडू अथवा मिटू नये आणि शेवटचा घोडा पुरेसा पुढे जाईपर्यंत वाटेवर परत येऊ नये. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये खेचरांचे तांडे खोल दरीत उतरतात; तेथे पायी चालणाऱ्यांना शेवटचे खेचर पन्नास फूट, म्हणजे सुमारे पंधरा मीटर पुढे गेल्याशिवाय वाटेवर येऊ नका, असे सांगितले जाते. हे अंतर माथेरानलाही जसेच्या तसे लागू करण्यास हरकत नाही, कारण मागे राहिलेल्या माणसांच्या हालचालींनी बुजणारा घोडा पुढच्या घोड्यावर जाऊन आदळतो.

उभे राहायचे ते कोणत्या बाजूला, याचे उत्तर मात्र वाट पाहून द्यावे लागते. उतार सौम्य असेल तेथे खालच्या अंगाला उभे राहणे बरे, कारण उंचावर उभी असलेली आकृती घोड्याला झडप घालणाऱ्या श्वापदासारखी वाटते. परंतु वाटेच्या कडेला सरळ कडा असेल, आणि माथेरानच्या अनेक पॉइंटांजवळ तसा तो आहेच, तर खालच्या बाजूला क्षणभरही उभे राहू नये; तेथे डोंगराच्या अंगाला पाठ लावूनच उभे राहावे. घोडा अंगावर सरकला तर मागे दरी असता कामा नये, हा नियम इतर सगळ्या नियमांच्या वरचा आहे.

घोडेवाले दादा रागावले याचे वाईट वाटून घेऊ नका. स्वार पडला तर त्यांचा दिवस, कधी कधी परवानाही, अडचणीत येतो. मात्र वळणाआधी आवाज देऊन पुढच्यांना सावध करणे हे त्यांचेही काम आहे, आणि त्या दिवशी ते झाले नाही असे आपल्या पत्रावरून दिसते.

प्रश्न: माझ्या आईचे वय ७१ असून तिचे गुडघे दुखतात. वजन ७८ किलो आहे. तिला वन ट्री हिल पाहायची फार इच्छा आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगाही स्वतंत्र घोड्यावर बसण्याचा हट्ट धरून बसला आहे. घोड्यावरून जाणे दोघांसाठी सुरक्षित आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्या आईंची इच्छा पुरी व्हावी असे आम्हालाही मनापासून वाटते, परंतु त्यासाठी घोडा हा मार्ग आम्ही सुचवणार नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा अधिक भार होऊ नये, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे, आणि आपल्याकडील डोंगरी तट्टू साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलोचे असते. ओझी वाहणाऱ्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टावर ७० किलोपर्यंतच ओझे लादण्याची मर्यादा घातलेली आहे. चढ, उतार आणि मोकळे दगड असलेल्या वाटेवर आईंचे वजन खोगिरासह त्या सीमेच्या बरेच पलीकडे जाते. भार जास्त झालेला घोडा अधिक ठेचकाळतो, म्हणजे जे त्याच्या हिताचे नाही ते आईंच्याही हिताचे नाही.

दुसरी बाजू गुडघ्यांची. घोड्यावर बसले की गुडघ्यांना विश्रांती मिळते, ही समजूत खरी नाही. मांड्या फाकवून, रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत) पाय ठेवून अर्धा-पाऊण तास तोल सांभाळताना गुडघे आणि खुबे दोन्ही ताणले जातात, आणि खरी कसोटी उतरताना लागते. त्यापेक्षा दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीची शटल घ्यावी आणि बाजारपेठेत मुक्काम करावा. तेथून कोणत्या पॉइंटपर्यंत कोणते वाहन जाऊ शकते याची चौकशी त्याच दिवशी करावी, कारण ही व्यवस्था सध्या बदलत आहे. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. तो योग्यच होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. माणसाने माणसाला ओढून चढ चढावा हे कधीच शोभणारे नव्हते. वन ट्री हिलपर्यंत जाणे जमले नाही, तर संध्याकाळी तलावाच्या काठी निवांत बसण्यातही माथेरानचे पुष्कळसे माथेरानपण भेटते.

मुलाला घोड्यावर जरूर बसू द्या, फक्त काही गोष्टी स्वतः पाहून घ्या. घोडा ठरवण्यापूर्वी त्याला दहा पावले चालवून दाखवायला सांगा. लंगडत असेल, बरगड्या मोजता येत असतील किंवा खोगिराच्या कडेला जखम दिसत असेल, तर नम्रपणे नकार द्या. तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, पुरेसा आवळला आहे की नाही हे मुलाला बसवण्यापूर्वी घोडेवाल्यांना पुन्हा एकदा तपासायला लावा, कारण सकाळी आवळलेला तंग दुपारपर्यंत सैल होतो आणि चढावर खोगीर बाजूला फिरते. रिकिबीची लांबी मुलाच्या पायाला जुळवून घ्या. मोठ्यांच्या मापाची रिकीब तशीच लोंबत ठेवून मूल नुसते बसवणे, हे आपल्याकडे सर्रास दिसते आणि ते धोक्याचे आहे.

रिकिबीविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण यातला धडा मी अंगावर घेतला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्याच एका थंड हवेच्या ठिकाणी मी साध्या चपला घालून घोड्यावर बसलो होतो. घोडा अडखळला, मी डावीकडे घसरलो आणि माझे पाऊल घोट्यापर्यंत रिकिबीच्या आरपार गेले. घोडेवाल्याच्या मुलाने धावत येऊन लगाम धरला म्हणून फरफट चार-पाच पावलांवरच थांबली. खांद्याचे दुखणे मात्र पुढे वर्षभर पुरले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की रिकिबीत फक्त पावलाचा चवडा असावा, टाच खाली दाबलेली असावी आणि पायात थोड्या टाचेचे, बंद बूट असावेत. चढ लागला की अंग किंचित पुढे झुकवून आयाळ धरावी, उतारावर किंचित मागे रेलावे, आणि लगाम ओढून धरू नये, कारण पाय कुठे टाकायचा हे पाहण्यासाठी घोड्याला मान खाली न्यावी लागते. उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढावेत आणि शक्यतो डोंगराच्या बाजूला उतरावे. घोडेस्वारीचे शिरस्त्राण मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास मुलाचे सायकलचे शिरस्त्राण घरून न्यावे, कारण उघड्या डोक्यापेक्षा ते निश्चितच बरे. मुलाच्या घोड्याचा लगाम सबंध वाटभर घोडेवाल्यांच्या हाती राहील, एवढे आधी कबूल करून घ्या. दौड नाही, दुडकीही नाही.

प्रश्न: आम्ही महाविद्यालयातील मित्रमैत्रिणी जुलैमध्ये भिवपुरी रोड स्थानकावरून गार्बेट पठारमार्गे माथेरानला चढण्याचे ठरवत आहोत. काही जणांचा आग्रह वन ट्री हिलच्या शिडीच्या वाटेचा आहे. वर पोहोचल्यावर कोणी दमले तर घोडा मिळेलच, असे आम्ही धरून चाललो आहोत. हे बरोबर आहे का? — चार विद्यार्थी, पुणे

उत्तर: शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तेथे आहे. घोडे वर, पठारावरच्या रुंद वाटांवर असतात. आपण ज्या उतारांवरून चढणार आहात तेथे घोडा येऊच शकत नाही. पाय मुरगळला तर तो उताराच्या मध्यावर मुरगळेल, आणि तेथून जखमी माणसाला माणसांनीच खांद्यावर आणावे लागते. माथ्यावर पोहोचल्यावर रुग्णवाहिका मिळू शकते, पण ती रस्त्यापर्यंतच येते. तेव्हा घोड्याचा हिशेब आपल्या योजनेतून काढून टाका आणि उरलेली योजना पुन्हा एकदा पाहा.

शिडीची वाट जुलैमध्ये नको. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० साली चौककडून वन ट्री हिलच्या बाजूनेच वर चढले आणि त्यातून पुढे माथेरान वसले, ही गोष्ट आपण वाचली असेल; परंतु ते मे महिन्यात चढले, हे तितक्याच ठळकपणे लक्षात ठेवायला हवे. ही वाट घळीतून जाते. उन्हाळ्यात जी घळ दगडांची असते ती पावसाळ्यात ओढ्याची होते, आणि माथ्यावर कोसळलेली सर खाली आपल्यापर्यंत येईपर्यंत आपल्यावरचे आभाळ कोरडेही असू शकते. शेवाळलेल्या कातळावर, वरून पाणी आणि दगड येत असताना, मागे फिरणेसुद्धा अवघड होते. ती वाट डिसेंबर-जानेवारीत करावी.

गार्बेटची वाट तुलनेने सौम्य आहे आणि हिरव्या पठारावरून दिसणारे दृश्य विसरण्यासारखे नाही, हे खरे. पण तेथेही दोन अडचणी आहेत. वाटेत ओढे ओलांडावे लागतात, आणि सकाळी घोट्याइतके असलेले पाणी दुपारी कमरेइतके होऊ शकते. गुडघ्याच्या वर आलेल्या वाहत्या पाण्यात उतरायचे नाही, हा नियम गटातल्या सर्वात धीट मित्रालाही आधीच मान्य असायला हवा. दुसरी अडचण धुक्याची. पठारावर गुरांच्या पायवाटांचे जाळे आहे, त्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि त्यातल्या कित्येक कड्यापाशी जाऊन संपतात. म्हणून पायथ्याच्या गावातला जाणता वाटाड्या बरोबर घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा, आणि तो परत फिरू म्हणाला तर वाद न घालता परत फिरावे. पहाटेच्या लोकलने निघून दुपारी एकच्या आत गार्बेट पॉइंट गाठता आला नाही, तर पुढे दस्तुरीपर्यंतची चाल आणि नेरळची गाडी यांचे गणित बिघडते. पावसाळ्यात रायगड जिल्ह्यात धबधब्यांवर बंदी आदेश निघत असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांची खात्री करून घ्या.

प्रश्न: मी माथेरानच्या एका अश्वपाल कुटुंबातली मुलगी आहे. आजोबांपासून आमचे घर घोड्यांवर चालले आहे. ट्रेकिंगला येणारी मंडळी आम्हाला तोंडावर सांगतात की घोड्यांच्या टापांनी वाटा उकरल्या जातात, लिदीने हवा आणि पाणी खराब होते, आणि म्हणून घोडे बंद करायला हवेत. दुसरीकडे पेव्हर ब्लॉकवर आमचे घोडे घसरतात. यात न्याय काय आहे? — एक वाचक, माथेरान

उत्तर: आपले पत्र सर्वात आधी वाचले आणि उत्तर लिहायला सर्वात अधिक वेळ घेतला. आपल्याला बरे वाटेल तेवढेच लिहिणे योग्य ठरले नसते, आणि आपल्यावर बोट ठेवणाऱ्यांना बरे वाटेल तेवढेच लिहिणे तर मुळीच नव्हे.

टापांनी वाट उकरली जाते, हे खरे आहे. तीनशे किलोंचे जनावर आणि त्यावर स्वार, हा सगळा भार चार लहान खुरांवर आणि त्याखालच्या लोखंडी नालांवर येतो. माथेरानचा माथा जांभ्याचा आहे. जांभा झिजून तयार झालेली तांबडी माती उन्हाळ्यात पिठासारखी सुटी होते आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरींत वाहून जाते. एक घोडा एका माणसापेक्षा वाट अधिक झिजवतो, यात वाद नाही. परंतु वाटेची धूप केवळ पायाने होत नाही, ती पाण्याने होते. पाऊल माती मोकळी करते आणि पाणी ती नेते. वाटेवरचे पाणी ठिकठिकाणी बाजूला काढून देणारे तिरके दगडी आडबंध नसतील, तर वाट हाच ओढा होतो, मग तिच्यावरून घोडा जावो की शाळेची सहल. शिवाय चिखल टाळण्यासाठी कडेच्या गवतातून चालत वाट रुंद करणारे आणि वळणे तोडून सरळ उतारावर नवी चाकोरी पाडणारे घोडे नसतात, आम्ही पायी चालणारेच असतो. अंजनी आणि जांभळीची जी मुळे उघडी पडलेली दिसतात, त्यांतली पुष्कळशी अशा आडवाटांवरची आहेत. घोडा आपल्या मनाने वळण तोडत नाही.

लिदीविषयीची तक्रार मात्र गंभीरपणे घ्यावी, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे. वाळलेल्या लिदीची धूळ श्वासातून जाते आणि पावसाळ्यात ती वाहून खाली पाण्यात मिसळते. शार्लोट तलाव हा गावाच्या पाण्याचा आधार असल्यामुळे ही बाब फक्त पर्यटकांच्या नाकाची नाही, आपल्या घरातल्या मुलांच्या पोटाची आहे. घोड्याच्या आतड्यात धनुर्वाताचे जंतू राहू शकतात आणि लिदीतून मातीत उतरतात, त्यामुळे वाटेवर खरचटलेल्या प्रत्येकाने जखम धुऊन धनुर्वाताच्या लसीची चौकशी करणे आवश्यक ठरते. लीद त्याच दिवशी उचलणे, तलावाकडे उतरणाऱ्या बाजूला घोडे न बांधणे आणि साठवलेल्या लिदीचे खत करणे, ही कामे अश्वपालांनी संघटितपणे अंगावर घेतली, तर घोडे बंद करा म्हणणाऱ्यांचा निम्मा युक्तिवाद आपोआप संपेल. त्यासाठी लागणारी जागा आणि साधने देणे ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी आहे, आणि ती मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पेव्हर ब्लॉकविषयी आपले म्हणणे घोड्याच्या शरीरशास्त्राला धरून आहे. नाल मारलेला खूर मातीत थोडा रुततो आणि त्यामुळे धरून राहतो. कठीण, गुळगुळीत आणि ओल्या पृष्ठभागावर लोखंडाला धरायला काहीच नसते, आणि उतारावर मागचे पाय घसरले की घोडा बसतो किंवा आडवा होतो. दुसऱ्या बाजूला, आजारी माणूस, वृद्ध आणि शाळेत जाणारी मुले यांना चिखलाच्या रस्त्याने काय सोसावे लागते, हे आपल्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, परंतु त्याखाली काँक्रीटचा थर नसावा आणि आतल्या वाटांवर ते बसवू नयेत, अशी दिशा २०२५ च्या आदेशाने दिली. आमच्या मते ही विभागणी समंजस आहे. आता गरज आहे ती त्या मुख्य रस्त्याच्या कडेला घोड्यांसाठी मातीचा एक पट्टा राखण्याची, आणि तो पट्टा चढावर तरी तुटू न देण्याची. पायी चालणाऱ्यांनी या मागणीत आपल्या बाजूने उभे राहायला हवे, कारण जी माती घोड्याच्या खुराला सोसते ती माणसाच्या गुडघ्यालाही फरशीपेक्षा अधिक मानवते.

आणि घोडे बंद करण्याविषयी. परवानाधारक घोडे साडेचारशेच्या आसपास आहेत, आणि त्यांच्यावर अनेक घरे चालतात. संख्येवर मर्यादा, कामाच्या तासांवर देखरेख, आजारी आणि म्हाताऱ्या घोड्याला सक्तीची विश्रांती, या गोष्टी आम्ही आग्रहाने मागू. १९६५ च्या नियमांत दिवसाला नऊ तासांची आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांची मर्यादा आहेच. सुट्टीच्या गर्दीत तीसुद्धा आम्हाला अधिक वाटते. परंतु ज्या गावाने मोटारीला वेशीवर थांबवले, त्या गावाच्या वाटेवरून घोडाच हाकलून द्यावा, हे आम्हाला पटत नाही.

थोडक्यात उत्तरे

डोंबिवलीच्या वाचकांस: घोड्याला बिस्किटे, वेफर किंवा उरलेला वडापाव देऊ नये. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले चुकीचे अन्न जिवावर बेतणाऱ्या पोटशुळाचे कारण ठरू शकते. काही द्यायचेच असेल तर घोडेवाल्यांना विचारून, तळहात सपाट ठेवून गाजराचा लांबट तुकडा द्यावा. माकडांना मात्र काहीच देऊ नये आणि खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये.

कोल्हापूरच्या भगिनींस: चालण्यासाठी खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत, परंतु त्याच बुटांनी घोड्यावर बसताना खाचा रिकिबीत अडकणार नाहीत याची खात्री करून घ्यावी.

पनवेलच्या वाचकांस: पाळीव कुत्रा या वाटांवर शक्यतो नेऊ नये. नेलाच तर आखूड साखळीवर धरावा आणि घोडा दिसताच त्याला वाटेपासून दूर नेऊन खाली बसवावे. घोड्याची मागची लाथ दोन-अडीच मीटरपर्यंत पोहोचू शकते, आणि मागून भुंकत आलेल्या कुत्र्यावर ती झाडली गेली तर त्या क्षणी पाठीवरच्या स्वाराचाही तोल जातो.